उदयबापूंच्या बागेतली बजाबाई

कृषी सहायकाचं काम काय, असं बोरमाळ गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल: फोटो काढणं. यात गावाचा काही दोष नाही. देवयानी मॅडम बांधावर आल्या की आधी फोन वर जायचा आणि मग नमस्कार व्हायचा. बियाण्याला औषध चोळायचं प्रात्यक्षिक असो नाहीतर शेतीशाळा, माणसं आधी रांगेत, मधोमध बॅनर, उन्हाकडं तोंड, आणि मग काय ते ज्ञान. बाई कामाला वाईट नव्हती हो. हुशार होती, सोलापुरात शिक्षकाच्या घरी वाढलेली, टेंभुर्णीला खोली घेऊन राहायची आणि स्कूटीवरून चार-पाच गावं पालथी घालायची. पण वरून हुकूमच तसे यायचे. तालुक्याच्या फेसबुक पानावर रोज काहीतरी पडलं पाहिजे, व्हॉट्सॲपच्या गटांवर सल्ले गेले पाहिजेत, आठवड्याला एखादी रील झाली पाहिजे. कुणाची पोस्ट किती लोकांनी पाहिली यावर बैठकीत कौतुक ठरायचं. आणि कौतुक कुणाला नको असतं?

देवयानीला तर ते जरा जास्तच हवं असायचं. बाकीचे सहायक बिचारे बॅनर उलटा धरलेले फोटो टाकायचे. हिच्या व्हिडिओत पक्षी ओरडायचे, हळूच बासरी वाजायची, एखादी शेतकरी बाई हसून फळ तोडायची. बिराजदार साहेब, म्हणजे तालुक्याचे कृषी अधिकारी, भर बैठकीत म्हणायचे, ‘‘देवयानीकडून शिका जरा.’’ ती मान खाली घालून बसायची आणि आतून फुलून यायची.

तर झालं असं, की महिला शेतकरी दिनाच्या सकाळीच साहेबांचा फोन आला.

‘‘देवयानी, एक यशोगाथा पाहिजे. महिला शेतकरी, फळबाग. जिल्ह्याच्या पानावर जाणार आहे, तेव्हा दुपारच्या आत पाठव. आणि फळं दिसली पाहिजेत बरं का. मागच्या वेळी मोहोळकडून आलं तसं वाळलेलं काहीतरी नको.’’

देवयानीच्या डोळ्यांसमोर लगेच बजाबाई आली. दुसरं कुणी येणं शक्यच नव्हतं. जोतीरामच्या बजाबाईनं रोजगार हमीतून माळावर सीताफळ लावलं होतं. तो माळ कसला, नुसता मुरूम आणि धोंडे. ‘‘हितं कुसळ उगवत न्हाय, झाडं कशाची लावती,’’ म्हणून तिचा नवरा जोतीराम रुसून बसला होता. बजाबाईनं ऐकलं नाही. खड्डे घेतले, आळी केली, उन्हाळ्यात नाल्यातल्या डबक्यातून डोक्यावर कळशा वाहिल्या आणि झाडं जगवली. देवयानी स्वतः कितीदा त्या रानात जाऊन बसली होती. तिचा खरंच जीव होता त्या बाईवर.

म्हणून तर ती आनंदानं गेली. बजाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, कुंकू ठसठशीत लावलं, दोघी माळावर गेल्या. देवयानीनं फोन वर केला आणि तिचा चेहरा पडला. फोनमध्ये दिसत होते ते धोंडे. धोंड्यांत मधूनमधून कमरेएवढी झाडं, काटक्यांसारखी. यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं, तेही लिंबाएवढं, पानाआड लपलेलं. तिनं खाली बसून बघितलं, आडवं होऊन बघितलं. धोंडे काही हटेनात.

आणि खाली, रस्त्याला लागून, उदयबापूंची बाग. उदयसिंह बापू गावातले मोठे बागायतदार. विहीर, ठिबक, जुनी झाडं, फळांनी वाकलेल्या फांद्या. वरनं ऊन असं पडलं होतं, की फोन काढायचाच अवकाश.

‘‘मावशी, आपण खाली जाऊ,’’ देवयानी म्हणाली.

‘‘खाली कुटं?’’

‘‘बापूंच्या बागेत. तिथं चांगलं दिसेल.’’

‘‘पर ती बाग तर बापूंची हाय की.’’

‘‘अहो, नुसतं मागं दिसायला. जत्रेत नाही का आपण पडद्यापुढं फोटो काढत? मागं मोटार असते, बंगला असतो. तो काय आपला असतो?’’

बजाबाई हसली. मॅडम शिकलेल्या, सरकारी, त्यांना ठाऊक असणार काय करायचं ते. ती गेली, हातात टोपली घेऊन उभी राहिली आणि सांगितलं तसं बोलली: ‘‘हे समदं माज्या हातानं लावलंय. पानी घालून जगवलंय.’’ आणि काय बोलली म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आलं तिच्या बोलताना, कारण तिच्या मनात तिचा माळ होता. बघणाऱ्याला दिसत होती बापूंची बाग.

व्हिडिओ जिल्ह्याच्या पानावर गेला आणि उधळलाच. हजारांचे लाख झाले. कुणी म्हणे नारीशक्ती, कुणी म्हणे हिला पुरस्कार द्या. बजाबाईच्या बहिणीचा करकंबहून फोन आला, ‘‘अगं, एवढी बाग कवा केलीस, बोलली बी न्हाईस.’’ साहेबांनी देवयानीला हार घालून फोटो काढला आणि तोही पानावर टाकला.

बोरमाळात मात्र वेगळंच चाललं होतं. गावाला कुणाची बाग कुठं आहे ते सांगावं लागत नाही. गिरणीत बजाबाई दळण घेऊन गेली की बाया सरकून बसायच्या. ‘‘जागा द्या गं, बागायतदारीण आली.’’ कुणी विचारायचं, ‘‘बापूंनी सातबारा कवा करून दिला म्हनायचा?’’ पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा गप्प बसली. मग तिनं गिरणीत जायचंच सोडलं, दळणाचा डबा जोतीरामच्या हाती द्यायला लागली. जन्मात कुणाच्या बांधावरची काडी न उचललेली बाई, तिला लोक दुसऱ्याची बाग लाटणारी म्हणायला लागले, गंमतीनं का होईना. गंमत करणाऱ्याचं काय जातंय?

देवयानीच्या कानावर हे आलं होतं. जोतीरामनंच सांगितलं, तोंड फिरवून. ‘‘मॅडम, बाई घराभायेर पडंना झालीया.’’ देवयानी म्हणाली, ‘‘काका, दोन दिवस बोलतील आणि विसरतील. लोकांना दुसरं काम काय?’’ तिला थोडं लागलं, नाही असं नाही. पण फोनवर बोटं टेकली की लाख माणसांचं कौतुक समोर यायचं, आणि गिरणीतल्या चार बायांचं बोलणं मागं पडायचं.

मग नातेपुत्याकडच्या एका बचत गटानं पानावर लिहिलं. आमची जमीन अशीच खडकाळ आहे, आम्हाला बजाबाईंची बाग बघायची आहे, बघून आम्ही सगळ्याजणी सीताफळ लावणार आहोत. साहेबांनी ते वाचलं आणि त्यांना चेवच आला.

‘‘देवयानी, भेट ठरवतोय. मी स्वतः येतो. बागेतूनच फेसबुक लाइव्ह करायचं. महिलांशी थेट संवाद. काय?’’

त्या घटकेला देवयानीनं सांगितलं असतं तर एक शिवी खाऊन सुटली असती. ‘सर, ती बाग त्यांची नाही’ एवढंच वाक्य होतं. ते ओठावर आलं, आणि तोंडातून निघालं ‘‘हो सर.’’

वेळ मारून न्यायची एकदा सवय लागली की माणूस किती झटपट कामाला लागतो बघा. संध्याकाळच्या आत ती उदयबापूंकडं जाऊन आली. बापू खुर्चीत रेलून हसले. ‘‘फिरवा की बायांना. बाग काय झिजतीय व्हय? फकस्त फळं तोडू देऊ नगा.’’ तिथून ती बजाबाईकडं गेली. बजाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती.

‘‘मावशी, एवढं एकदाच. लांबून बाया येणार आहेत, साहेब येणार आहेत. परत मी कधी म्हणणार नाही.’’

सूप थांबलं. ‘‘बाया इचारतील की मॅडम. मी काय सांगू त्यास्नी?’’

‘‘तुम्ही जे केलंत तेच सांगा. कळशा, खड्डे, सगळं. खोटं एक अक्षर बोलायचं नाही.’’

बजाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग खाली बघून म्हणाली, ‘‘बरं.’’ आणि पुन्हा पाखडायला लागली. त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं ते देवयानीला ऐकू आलं होतं. तिनं स्कूटीला किक मारली.

भेटीच्या दिवशी पिकअप भरून बाया आल्या. डोक्याला टॉवेल बांधलेल्या, चप्पल हातात घेऊन रानात शिरणाऱ्या, कामाच्या बाया. त्यांची पुढारीण सोनाबाई, उंचीपुरी, बोलायला मोकळी. साहेब इस्त्रीच्या शर्टात. उदयबापू उगीच आपले पाहुण्यासारखे कडेला उभे. देवयानीनं फोन सुरू केला आणि लाइव्ह लागलं. साहेबांनी चार शब्द सांगितले: शासन, समाजमाध्यम, शेतकऱ्याच्या हातातली माहिती. खाली लोकांचे नमस्कार पडायला लागले.

मग बायांनी बजाबाईला घेरलं.

‘‘अक्का, पानी कसं घातलंसा?’’ सोनाबाईनं विचारलं.

‘‘डोईवरनं. नाल्यातनं कळशा आनायची.’’

सोनाबाईच्या पायाखाली ठिबकची नळी होती. तिनं नळीकडं बघितलं, बजाबाईकडं बघितलं, पण पाहुणी म्हणून काही बोलली नाही. देवयानीनं फोन हळूच वर, फळांकडं वळवला.

‘‘बरं, एवढंच सांगा,’’ सोनाबाई म्हणाली. ‘‘आमी समद्या माळावर लावनार हाय. घरात भांडून लावनार हाय. तीन वर्सांत आमची झाडं अशी व्हतील न्हवं?’’

आता इथं ‘व्हय’ म्हणायचं आणि सुटायचं. देवयानी मनातल्या मनात म्हणत होती, म्हणा मावशी, व्हय म्हणा. बजाबाईनं त्या बायांच्या तोंडाकडं पाहिलं. सगळ्याजणी तिच्याकडं बघत होत्या, तिच्यासारख्याच उन्हानं रापलेल्या, घरी कुणीतरी रुसून बसलेल्या.

‘‘न्हाई व्हनार,’’ ती म्हणाली. ‘‘अशी न्हाई व्हनार बाई. ही बाग माजी न्हाय. माजी वर माळावर हाय. कमरंएवढी झाडं हाईत, फळ लिंबावानी धरलंय. तेवडंच व्हतंय.’’

देवयानीच्या अंगठ्यानं लाइव्ह बंद केलं. तिनं ठरवलं नव्हतं, अंगठा आपोआप गेला. बजाबाईचं बोलणं अर्ध्यातच तुटलं असणार.

‘‘म्हणजे?’’ साहेब म्हणाले. ‘‘मग तो व्हिडिओ? देवयानी?’’

देवयानीनं तोंड उघडलं. बजाबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं, नीट, आई पोरीकडं पाहते तसं, आणि साहेबांकडं वळली.

‘‘मॅडमला ठावं न्हाई सायेब. मीच सांगितलं, माजी बाग हाय म्हनून.’’

देवयानीला सगळं ठाऊक होतं. त्या माळावर बसून तिनं बजाबाईची भाकरी खाल्ली होती. आता तरी बोलायचं होतं, एका वाक्याचं काम होतं. ती फोनकडं बघत राहिली, जणू त्यात काहीतरी महत्त्वाचं आलंय.

‘‘कमाल आहे तुमची बाई,’’ साहेब म्हणाले. ‘‘आम्ही तुम्हाला मान द्यायचा, जिल्ह्यात नाव करायचं, आणि तुम्ही खात्याला तोंडघशी पाडायचं? थोडी तरी लाज वाटायला पाहिजे होती.’’

बजाबाई मान खाली घालून ऐकत होती. उदयबापूंना सगळं माहीत होतं. त्यांनी देवयानीकडं पाहिलं, खाकरले, टोपी सारखी केली आणि विहिरीकडं चालते झाले. बायांत कुजबुज सुरू झाली. ‘‘लबाड गं.’’ ‘‘फोटोसाठी काय बी करत्यात.’’ सोनाबाई तेवढी थेट बोलली, ‘‘एवढ्या लांबनं आलो अक्का, हे बगायला व्हय?’’

बजाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि बागेतून निघाली. रस्ता ओलांडून माळाच्या वाटेला लागली. तिला कुणी थांबवलं नाही. देवयानीनंही नाही.

बाया पिकअपमध्ये चढल्या. साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, ‘‘पानावर लगेच खुलासा टाक. लाभार्थी महिलेनं चुकीची माहिती दिल्यामुळे सदर व्हिडिओ हटवण्यात येत आहे. नावानिशी टाक, म्हणजे आपल्यावर येणार नाही. जिल्ह्यावरून फोन यायच्या आत.’’

‘‘हो सर,’’ देवयानी म्हणाली.

जीप गेली. बागेत ती एकटी राहिली. तिनं लिहायला घेतलं. ‘मौजे बोरमाळ येथील लाभार्थी श्रीमती बजाबाई’ एवढं लिहून झालं आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती मटकन खालीच बसली. किती चांगली आपण, किती गुणी, सगळ्यांच्या लाडक्या मॅडम. आणि आपल्या आईच्या वयाच्या बाईला परक्याच्या रानात उभं करून, तिच्याच तोंडून खोटं वदवून, वर तिला लबाड ठरवायचं वाक्य आपण शुद्धलेखन सांभाळून लिहितोय. तिला रडायला येत होतं, पण कुणापुढं रडणार?

तिनं लिहिलेलं खोडलं आणि स्कूटी माळाकडं घातली.

बजाबाई एका झाडापाशी बसून खुरप्यानं आळं मोकळं करत होती. देवयानी बांधावरच थांबली. आपण जवळ गेलो तर पुन्हा धीर सुटेल, पुन्हा वेळ मारून नेऊ, हे तिला स्वतःबद्दल आता कळलं होतं. आधी बोलून टाकायचं. तिनं तिथंच उभं राहून तालुक्याच्या पानावर लाइव्ह लावलं, फोन स्वतःकडं धरला. आजवर तिनं आपल्या व्हिडिओत स्वतःला कधी दाखवलं नव्हतं. केस विस्कटलेले, नाक लाल.

‘‘मी देवयानी, कृषी सहायक,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही जो सीताफळाच्या बागेचा व्हिडिओ पाहिलात, ती बाग बजाबाईंची नव्हती. ती बाग आपली नाही असं त्या म्हणाल्या होत्या, तरी मी त्यांना तिथं उभं केलं. व्हिडिओ चांगला दिसावा म्हणून. आज साहेबांनी विचारलं तेव्हा बजाबाई माझ्यासाठी खोटं बोलल्या. मीच मॅडमना फसवलं म्हणाल्या. आणि मी गप्प बसले. चूक त्यांची नाही, माझी आहे. फक्त माझी.’’

खाली लोकांची बोटं चालली होती. छान माहिती मॅडम. जय जवान जय किसान. रोपं कुठं मिळतील? मग एकानं लिहिलं, नोकरी जाणार बाई तुझी. तेवढ्यात साहेबांचा फोन यायला लागला. तिनं तो कापला आणि लाइव्हही बंद केलं.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. किती दिवसांचं छातीवरचं ओझं उतरलं. जे व्हायचं ते होवो. ती बांध उतरून बजाबाईजवळ गेली आणि समोर मातीत बसली.

‘‘मावशी, सांगून टाकलं सगळं.’’

‘‘कुनाला?’’

‘‘सगळ्यांना. पानावर. बाग तुमची नव्हती, मी तुम्हाला उभं केलं, आणि आज तुम्ही मला वाचवायला साहेबांपुढं खोटं बोललात. सगळं खरं खरं सांगितलं.’’

खुरपं थांबलं. ‘‘माजं नाव घिऊन?’’

‘‘हो. म्हणजे तुमच्यावरचा आळ जावा म्हणून...’’

मातीचं एक ढेकूळ बजाबाईनं हातात घेतलं आणि चुरून टाकलं.

‘‘गावाला वाटत व्हतं, बजाबाई एक डाव खोटं बोलली,’’ ती म्हणाली. ‘‘ते गाव इसरलं बी असतं. आता समद्या मुलखाला कळलं, दोन डाव बोलली. सायबापुढं बी बोलली. करकंबला भन बगील, तिची सून बगील.’’

‘‘मी काढून टाकते,’’ देवयानी घाईघाईनं फोन चाळायला लागली. ‘‘लगेच काढते.’’

‘‘काडून काय व्हतंय? पैला व्हिडू बी लोकांच्या मनातनं कुटं निगाला?’’

ते खरं होतं. देवयानीचा हात तसाच राहिला.

‘‘मी ते तुमच्यासाटी बोलले व्हते मॅडम,’’ बजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर देवयानीला सोसला असता. ‘‘तुमच्यापाशी ऱ्हावं म्हनून. जगाला सांगायला न्हवं. तुमचं मन हलकं झालं, झालं ते बरं झालं. पर मला इचारायचं तरी की. तवा बी न्हाई इचारलं, आज बी न्हाई.’’

‘‘चुकले मी, मावशी.’’

बजाबाई उठली, लुगड्याची माती झटकली आणि पुढच्या झाडाचं आळं मोकळं करायला जाऊन बसली, पाठ करून. देवयानीच्या हातात साहेबांचा फोन पुन्हा वाजायला लागला. तिला तिथं थांबायचीही लाज वाटत होती आणि तिथून निघून जायचीही.